स्टाफमधलं उभं अंतर: देवनागरी शब्द आले की पान का फिसकटतं?

सदरची_सोप्रानो

म्यूझस्कोर ४.५ (नोटा लिहून छापायचा प्रोग्राम) वापरते. समूहगानाचे चार आवाज (सोप्रानो, अल्टो, टेनर, बास) चार वेगळ्या स्टाफवर, म्हणजे पाच रेषांच्या पट्ट्यांवर, खाली पियानोचे दोन, म्हणजे एका सिस्टीममध्ये (एकदम वाजणाऱ्या स्टाफच्या गटात) सहा स्टाफ. ए-फोर उभं पान, वर-खाली १५ मिमी मार्जिन, स्टाफ स्पेस (स्टाफच्या दोन रेषांमधलं अंतर) १.७५ मिमी. शब्द मराठी, देवनागरीत, तीन कडवी, चारही आवाजांखाली.

अडचणी अशा:

तिसऱ्या कडव्याचे उकार खालच्या आवाजाच्या लेजर लाइनवर (स्टाफबाहेरच्या नोटांसाठीच्या छोट्या जादा रेषांवर) चढतात. अल्टोचा स्टाफ एका जागी आल्ट दाबून खाली ओढला, तर तो सगळ्या पानांवर खाली गेला. बहुतेक पानांवर एकच सिस्टीम बसते आणि ती पानभर ताणली जाते. एखाद्या पानावर मात्र दोन बसतात आणि अगदी गच्च दिसतात. शिवाय तीच फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर उघडली की सात पानांची नऊ होतात.

स्टाफ हाताने ओढून ओढून बसवायचे, की याला काही पद्धत आहे?

बर्डीचा_बास

ताई, आधी ओढणं थांबवा. आल्ट धरून ओढलं की त्या स्टाफच्या वरचं जादा अंतर बदलतं, आणि ते अंतर त्या स्टाफचा गुणधर्म म्हणून पूर्ण स्कोअरला लागतं. म्हणून सगळीकडे सरकलं. ते काढायला स्टाफवरच्या रिकाम्या जागी राइट क्लिक, स्टाफ/पार्ट प्रॉपर्टीज, आणि 'एक्स्ट्रा डिस्टन्स अबव्ह स्टाफ' पुन्हा शून्य. सहाही स्टाफचं तपासा. ओढताना चुकून शेजारचा स्टाफ धरला गेला असेल तर तिथेही आकडा बसलेला असतो.

एकाच सिस्टीमपुरतं अंतर हवं असेल तर त्यासाठी स्पेसर आहे. लेआउट पॅलेटमध्ये तीन मिळतात: अप, डाउन आणि फिक्स्ड डाउन. पहिले दोन 'निदान एवढं अंतर ठेव' असं सांगतात, जास्त लागलं तर प्रोग्राम वाढवतो. फिक्स्ड डाउन मात्र 'एवढंच' म्हणतो. मग त्या जागी जस्टिफिकेशनही (पान भरायला अंतरं ताणणं) चालत नाही आणि टक्कर झाली तरी स्टाफ हलत नाही. स्पेसर मेझरला (दोन उभ्या रेषांमधल्या तालाच्या खणाला) चिकटलेला असतो. ते मेझर उद्या दुसऱ्या सिस्टीममध्ये गेलं तर स्पेसरही तिकडे जातो, आणि जिथे गरज नाही तिथे भोक पाडतो. म्हणून सिस्टीम पक्क्या झाल्याशिवाय स्पेसर लावायचा नाही. ४.५ मध्ये सिस्टीम लॉक आलं आहे, कोणती मेझरं एका सिस्टीममध्ये राहतील ते त्याने पक्कं होतं, ते आधी वापरा.

मोजपट्टी

ओढण्याच्याही आधी हिशेब करून पाहा. इथे गणितच बसत नाही, तर सेटिंग काय करणार?

पान २९७ मिमी, वर-खाली मिळून ३० मिमी गेले, उरले २६७. भागिले १.७५ केलं तर साधारण १५२.५ स्टाफ स्पेस. एवढीच उभी जागा.

आता सिस्टीम. एक स्टाफ ४ स्पेस उंच, सहांचे २४. पियानोच्या दोन स्टाफमध्ये ६.५. शब्दांची जागा आता पाहा: १० पॉइंटच्या देवनागरीची ओळ फॉन्टप्रमाणे १४ ते १६ पॉइंट उंच घेते. १५ धरा, म्हणजे ५.३ मिमी, जवळजवळ ३ स्पेस. तीन कडव्यांचे ९, वर-खाली मोकळीक धरून १३. असे चार आवाजांखाली चार पट्टे, ५२. बेरीज ८२.५.

दोन सिस्टीम म्हणजे १६५, आणि जागा १५२.५. म्हणून पानावर एकच बसते, आणि उरलेल्या ७० स्पेस प्रोग्राम कुठेतरी वाटत बसतो. एखाद्या पानावर दोन बसतात तिथे बहुधा कडवी कमी आहेत, किंवा फक्त पियानो वाजतोय आणि आवाजांखाली शब्दच नाहीत. तेव्हा सैल आणि गच्च, दोन्हींचं कारण एकच.

उपाय दोन. चारही आवाज एकाच लयीत शब्द म्हणत असतील तर सोप्रानो-अल्टो एका स्टाफवर, टेनर-बास दुसऱ्यावर घ्या, आणि कडवी मधोमध एकदाच लिहा. मग चार स्टाफचे १६, मधला शब्दांचा पट्टा १३, बास आणि पियानोमध्ये ७, पियानोत ६.५, मिळून ४२.५. तीन सिस्टीम १२७.५, त्यांच्यामध्ये १०-१० दिले की १४७.५. बसतं, पण ५ स्पेसच उरतात. एक उंच नोट आली की तिसरी सिस्टीम पुढच्या पानावर पळेल. त्यावर स्टाफ स्पेस १.६ करा: जागा १६६.९ होते, १९ उरतात, आणि पहिल्या पानावरचं शीर्षकही सामावतं.

आवाज वेगवेगळ्या वेळी शब्द घेत असतील तर चार स्टाफ ठेवावेच लागतील. अशा वेळी नोटांखाली एकच कडवं घ्या, बाकीची दोन शेवटी नुसता मजकूर म्हणून छापा. मग २४ अधिक चार वेळा ७ अधिक ६.५, म्हणजे ५८.५. दोन सिस्टीम आणि मधले १० धरून १२७. आरामात.

सदरची_सोप्रानो

दोन-तृतीयांश भाग एका लयीत आहे, मधला भाग नाही. मधेच दोन स्टाफवरून चार करता येतात का?

मोजपट्टी

येतात. सहा वाद्यओळी ठेवा: दोन जोडस्टाफ, चार सुटे. एका लयीच्या भागात जोडस्टाफवर लिहा, मधल्या भागात सुट्यांवर, आणि रिकामे स्टाफ लपवा. फॉरमॅट, स्टाइल, स्कोअर, तिथे 'हाइड एम्प्टी स्टाव्ह्ज'. पहिल्या सिस्टीममध्ये रिकामे दाखवायचे की नाही याची वेगळी खूण तिथेच आहे, तीही काढा. नाहीतर पहिलंच पान आठ स्टाफचं होईल.

भाग बदलतो तिथे सिस्टीम ब्रेक हवाच. लपवणं सिस्टीमनुसार चालतं, सिस्टीमच्या मध्यावर स्टाफ नाहीसा होत नाही.

बर्डीचा_बास

आता ताणण्याबद्दल. फॉरमॅट, स्टाइल, पेज. तिथे 'एनेबल व्हर्टिकल जस्टिफिकेशन ऑफ स्टाव्ह्ज' सुरू असतं. ही सोय ३.६ पासून आहे, त्याआधी फक्त दोन सिस्टीममधलं अंतर ताणलं जायचं. त्याखालच्या आकड्यांपैकी तुम्हाला लागणारे हे:

'मिनिमम स्टाफ डिस्टन्स' मुळात ३.५ असतं. हा फक्त तळ आहे, शब्द आले की प्रोग्राम आपोआप जास्त सोडतो. 'मॅक्सिमम स्टाफ डिस्टन्स' मुळात २०. एकाच सिस्टीमचं पान पंखा फिरल्यासारखं पसरतं ते यामुळेच. १३-१४ वर आणा. 'मॅक्सिमम सिस्टीम डिस्टन्स' मुळात ३२, तेही मोठं आहे, १८ पुरे. दोन सिस्टीममधल्या अंतराचा फॅक्टर वेगळा असतो. तो वाढवला की उरलेली जागा स्टाफमध्ये कमी आणि सिस्टीममध्ये जास्त जाते. गाणाऱ्याच्या डोळ्याला एक सिस्टीम कुठे संपली ते लगेच कळलं पाहिजे, म्हणून हा फॅक्टर कमी करू नका.

आणि 'मॅक्सिमम पेज फिल डिस्टन्स'. सगळी अंतरं समसमान केल्यावरही पान उरलं तर प्रत्येक फटीत जास्तीत जास्त किती घालायचं, ते हे. मुळात ६. शेवटच्या अर्ध्या पानावर सिस्टीम फाकतात त्या याच्याच कृपेने. २ करा, नाहीतर सरळ ० करा. शून्यावर पानाचा तळ मोकळा राहतो, पण अंतरं आधीच्या पानांसारखी दिसतात. माझं मत विचाराल तर शेवटचं पान मोकळंच बरं.

लिलीवाला

लिलीपाँड या दुसऱ्या प्रोग्राममध्ये हा प्रश्न उद्भवतच नाही. 'रॅग्ड-लास्ट-बॉटम' मुळातच चालू असतं, शेवटचं पान ताणलं जात नाही.

पितळी

झालं, आले लिलीवाले. 😄

लिलीवाला

आलोच आहे तर एक कामाची गोष्ट सांगून जातो, कारण एका प्रोग्राममधले आकडे दुसऱ्यात टाकून लोक गोंधळ करून राहिले आहेत. म्यूझस्कोर, सिबेलियस आणि डोरिको स्टाफमधलं अंतर वरच्या स्टाफच्या खालच्या रेषेपासून खालच्या स्टाफच्या वरच्या रेषेपर्यंत मोजतात. लिलीपाँड मधल्या रेषेपासून मधल्या रेषेपर्यंत मोजतो. पाच रेषांच्या स्टाफसाठी फरक सरळ ४ स्पेसचा. लिलीपाँडमध्ये सिस्टीमचं बेसिक-डिस्टन्स १२ असतं, म्हणजे दिसणारी फट ८. गटाबाहेरच्या सुट्या स्टाफचं ९ असतं, म्हणजे फट ५. तुमचा १३ चा पट्टा हवा असेल तर इथे १७ लिहावं लागेल.

प्रत्येक अंतराला चार आकडे असतात. बेसिक-डिस्टन्स म्हणजे ताण-दाब नसताना असावं ते अंतर. मिनिमम-डिस्टन्स म्हणजे पान दाटलं तरी याच्या खाली जायचं नाही. पॅडिंग म्हणजे दोन स्टाफवरच्या छपाईच्या कडांमध्ये राखायची मोकळीक. स्ट्रेचेबिलिटी म्हणजे ताण पडला की कोण किती ताणलं जाईल त्याचं प्रमाण. नवखे लोक टक्कर दिसली की बेसिक-डिस्टन्स वाढवतात. मग टक्कर नसलेल्या पानांवरही हवा भरते. टक्करीसाठी पॅडिंग वाढवा. ते जिथे खरंच घासतं तिथेच लागू होतं.

शब्दांच्या ओळीला आणखी दोन अंतरं आहेत: स्वतःच्या स्टाफशी असलेलं आणि परक्या स्टाफशी असलेलं. उकार खालच्या आवाजावर चढत असतील तर दुसऱ्याचं, म्हणजे 'नॉनस्टाफ-अनरिलेटेडस्टाफ-स्पेसिंग'चं पॅडिंग २ ते २.५ करा. आणि पेपर ब्लॉकमध्ये 'अ‍ॅनोटेट-स्पेसिंग' चालू केलं की प्रत्येक फटीचे आकडे पानावरच छापून येतात. दोष कुठला आकडा करतोय ते अंदाजाने शोधावं लागत नाही.

अक्षरजुळारी

सात पानांची नऊ का होतात याकडे अजून कोणी वळलं नाही. कारण फॉन्ट.

म्यूझस्कोरचा मुळातला फॉन्ट एडविन. त्यात देवनागरी नाही. तुम्हाला शब्द दिसतात ते संगणकाने मागल्या दाराने घेतलेल्या दुसऱ्या फॉन्टमधून. विंडोजवर तो एक असतो, मॅकवर दुसरा, लिनक्सवर तिसरा. प्रत्येकाची ओळीची उंची वेगळी, आणि कडव्यांमधलं अंतर फॉन्टच्या ओळीच्या उंचीवरून ठरतं. तीन कडव्यांना अर्धा-अर्धा स्पेस वाढला की एका पट्ट्यात दीड वाढतो, चार पट्ट्यांत सहा. पान उलटायला तेवढं पुरतं.

तेव्हा स्टाइलमध्ये टेक्स्ट स्टाइल्स, तिथे 'लिरिक्स ऑड लाइन्स' आणि 'लिरिक्स इव्हन लाइन्स' या दोन्हींना फॉन्टचं नाव स्पष्ट द्या. फक्त ऑड बदललं तर दुसरं कडवं जुन्याच फॉन्टमध्ये राहतं, आणि पहिल्या-तिसऱ्यापेक्षा वेगळं का दिसतंय ते लवकर लक्षात येत नाही. नोटो सेरिफ देवनागरी, तिरो देवनागरी मराठी, शोभिका, मुक्त, यांपैकी काहीही. सगळे मोफत आहेत. ज्या ज्या लॅपटॉपवर फाइल उघडणार तिथे तोच फॉन्ट बसवा. छपाईला मात्र पीडीएफच द्या, फाइल नको.

मग स्टाइलमधल्या लिरिक्सच्या पानावर ओळीची उंची टक्क्यांत असते. देवनागरीला बहुतेक फॉन्टमध्ये ९० चालतं, काहींत ८५ सुद्धा. किती खाली जाता येईल ते पाहायला वरच्या कडव्यात 'मूर्ती'चा 'मू' आणि त्याच नोटेखाली पुढच्या कडव्यात 'कीर्ती'चा 'र्ती' ठेवा. वरचा ऊकार आणि खालचा रफार-वेलांटी एकमेकांना टेकायच्या आधी थांबा. नुसत्या 'क म ल' वर पाहून आकडा ठरवला तर पुढे कुठेतरी घासणारच.

डीटीपीवाल्याकडून शब्द टाइप करून घेणार असाल तर ते युनिकोडमध्येच मागा. नागपुरात इतवारी-महालाकडे अजूनही बरीच टायपिंग जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये होते. तो मजकूर लिरिक्समध्ये चिकटवला की नुसती इंग्रजी खिचडी दिसते. फॉन्ट बदलून ती सुधारता येते असं वाटतं, पण मग एका शब्दाचे अक्षरांप्रमाणे तुकडे नीट पडत नाहीत. आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करा, नंतर चिकटवा.

पितळी

ब्रासवाल्यांचं पण सांगा राजेहो. बारा स्टाफचा कंडक्टर स्कोअर, सिबेलियस. शब्द नाहीत, पण ट्रम्पेटच्या लेजर लाइन वरच्या स्टाफच्या डायनॅमिक्सवर (हळू-जोरात वाजवायच्या खुणांवर) येतात. मॅग्नेटिक लेआउट चालू आहे, तरी स्टाफ दूर जात नाही.

धंतोली_पियानो

भाऊ, मॅग्नेटिक लेआउट स्टाफ हलवतच नाही. ते डायनॅमिक्स, मजकूर अशा वस्तू एकमेकांपासून बाजूला करतं. स्टाफ हलवायचं काम 'ऑप्टिमाइझ स्टाफ स्पेसिंग' करतं. लेआउट टॅबमध्ये स्टाफ स्पेसिंगच्या गटात आहे. आधी सगळा स्कोअर निवडून 'रिसेट स्पेस अबव्ह' आणि 'रिसेट स्पेस बिलो' करा, म्हणजे हाताने ओढलेलं सगळं निघेल. त्यानंतर ऑप्टिमाइझ. मागे ओढलेलं तसंच ठेवून ऑप्टिमाइझ केलं तर काय आपलं आणि काय प्रोग्रामचं, तेच कळेनासं होतं.

मूळ अंतर हाउस स्टाइलच्या एन्ग्रेव्हिंग रूल्समध्ये, स्टाव्ह्जच्या पानावर. तिथेच 'जस्टिफाय स्टाव्ह्ज व्हेन पेज इज अॅट लीस्ट' अमुक टक्के भरलं असेल तेव्हा, असं आहे. मुळात ६५. तुमची शेवटची पानं फाकत असतील तर हा आकडा ८०-८५ करा.

नुसता एक स्टाफ हलवायचा आणि खालचे जागेवर ठेवायचे, तर शिफ्ट धरून ओढा. शिफ्ट नसेल तर खालचे सगळे सोबत येतात. आणि ओढण्याआधी काय निवडलंय ते पाहा: एक क्लिक म्हणजे एक मेझर, दोन म्हणजे त्या सिस्टीमभर, तीन म्हणजे तो स्टाफ पूर्ण स्कोअरमध्ये. तीन क्लिक झाल्यावर ओढलं की 'सगळीकडे कसं सरकलं' हा प्रश्न इथेही येतो.

मोजपट्टी

पितळी, कागद बदला. बारा स्टाफचे ४८, अकरा फटी ६.५ च्या म्हणजे ७१.५, एक सिस्टीम ११९.५. ए-फोरवर १.७५ ने एक सिस्टीम छान बसते. पण दोन बसवायला गेलात तर १० धरून २४९ स्पेस लागतात, आणि २६७ भागिले २४९ म्हणजे १.०७ मिमी. स्टाफ ४.३ मिमीचा. स्टँडवरून कोणाच्या बापाला वाचता येणार नाही. ए-थ्री उभा घ्या: ४२० वजा ३०, ३९० भागिले २४९, म्हणजे १.५७. स्टाफ ६.३ मिमी, दोन सिस्टीम. कंडक्टरला पानंही निम्मी उलटावी लागतात.

धंतोली_पियानो

डोरिको वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. लेआउट ऑप्शन्समध्ये व्हर्टिकल स्पेसिंग. 'आयडियल गॅप्स' म्हणजे हवं ते अंतर. त्याखालचे 'मिनिमम गॅप्स' दोन भरल्या स्टाफच्या मजकुरात किमान किती सोडायचं ते सांगतात. पान दाटलं म्हणून लोक मिनिमम कमी करतात आणि शब्द स्लरला (नोटा जोडणाऱ्या कमानीला) टेकवतात. त्याऐवजी आयडियल कमी करा, टक्कर टाळायचं काम तो स्वतः करतो. एन्ग्रेव्ह मोडमध्ये फ्रेम किती टक्के भरली ते दिसतं. शंभरच्या वर गेलं तर तो लाल दाखवतो. तेव्हा एक सिस्टीम पुढे ढकला, नाहीतर स्टाफचं माप उतरवा. ओढून काही होणार नाही. आणि एन्ग्रेव्हमध्ये हाताने अंतर द्यायच्या आधी सिस्टीम पक्क्या करा, कारण सिस्टीमची सुरुवात बदलली की ते दिलेलं अंतर तिथे लागू राहत नाही.

अक्षरजुळारी

फिनाले या प्रोग्रामच्या जुन्या फाइल असतील त्यांनी एक करा. २६ ऑगस्ट २०२४ ला त्याचं पुढचं काम थांबल्याचं जाहीर झालं, तेव्हापासून सगळे म्यूझिकएक्सएमएल (एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नोटा न्यायची फाइल) काढून दुसरीकडे नेत आहेत. त्या फाइलमध्ये स्टाफ आणि सिस्टीमची अंतरंही येतात, एका स्पेसचे दहा भाग या मापात. ६५ लिहिलं असेल तर ६.५ स्पेस. हे जुने आकडे नव्या प्रोग्रामच्या आपोआप अंतराशी भांडतात. म्यूझस्कोरच्या प्रेफरन्सेसमध्ये इम्पोर्टखाली 'इम्पोर्ट लेआउट' आणि 'इम्पोर्ट सिस्टीम अँड पेज ब्रेक्स' या दोन्ही खुणा काढून मग फाइल उघडा. नोटा तेवढ्या येतील, अंतरं नव्याने बसतील.

सदरची_सोप्रानो

एका लयीचा भाग दोन स्टाफवर आणला. स्टाफ स्पेस १.६, फॉन्ट नोटो सेरिफ देवनागरी, ओळीची उंची ९०. पहिल्या पानावर शीर्षकासह तीन सिस्टीम बसल्या. पेज फिल ०, स्टाफचं मॅक्सिमम १४. मधल्या भागात चार स्टाफ, दोन सिस्टीम प्रति पान. एकूण पाच पानं. दुसऱ्या लॅपटॉपवर तोच फॉन्ट टाकून पाहिला, पाचच राहिली.

एक उरलं. एका जागी टेनरचा उंच नोटेवरचा स्लर तिसऱ्या कडव्याला टेकतो. स्पेसर लावू का?

बर्डीचा_बास

आधी स्लर निवडून एक्स दाबा, खालच्या बाजूला जातो का पाहा. जोडस्टाफवर टेनरचा स्लर वरच असायला हवा, त्यामुळे बहुधा तसाच ठेवावा लागेल. मग स्लरचे हँडल धरून कमान थोडी चपटी करा. तेवढ्याने अर्धा स्पेस सुटतो. नाहीच झालं तर त्या मेझरला, वरच्या स्टाफवर, साधा डाउन स्पेसर लावा. फिक्स्ड नको. सिस्टीम लॉक केली ना?

सदरची_सोप्रानो

हो, केली. कमान चपटी करून काम झालं.

मोजपट्टी

छापताना पीडीएफच्या खिडकीत 'अॅक्च्युअल साइज' निवडा. 'फिट' ठेवलं की ९७ टक्क्यांवर उतरतं आणि तुमचा ६.४ मिमीचा स्टाफ ६.२ चा होतो. झेरॉक्सवाल्याकडे ट्रेमध्ये लीगल कागद असतो बऱ्याचदा, ए-फोर आहे ना ते आधी विचारा. पहिली प्रत हातात आली की पट्टी लावून पाच रेषांची उंची मोजा: वरच्या रेषेपासून खालच्या रेषेपर्यंत ६.४ मिमी आली पाहिजे. ती आली तरच बाकीच्या प्रती काढायला सांगा.